कंडक्टरमामांचं उत्तर

मी नकला करतो. देवळाच्या उत्सवात, लग्नाच्या मांडवात, कुणी बस म्हणेपर्यंत. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात अख्ख्या वर्गाला सुट्टी देऊन टाकली होती, आणि आठवडाभर वर्गाबाहेर उभा होतो. तंजावुरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक, म्हणूनच अक्कानं मला बोलावलं.

अक्का समोरच्या घरातली. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. नवी नवी यंत्रं येतात, त्यांचं माणसाशी वागणं बरोबर कुठं आणि चूक कुठं, यावर ती लिहिते. तेव्हा तिचं आवाजावर चाललं होतं. माणूस गेला तरी त्याचं थोडं रेकॉर्डिंग असलं की कंप्यूटर त्याच्या आवाजात हवं ते बोलतो. मग तो आवाज कुणाचा? परवानगी कुणी द्यायची? आमच्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्यांना तिला एवढंच विचारायचं होतं, की तुमच्यामागं तुमचा आवाज बोलत राहिला तर चालेल का? पण कॉलेजची मॅडम दारात दिसली की म्हातारे शर्ट चढवून, घसा साफ करून, तमिळ बातम्या वाचल्यासारखं बोलायचे. मी गेलो की आधी हसायचे, मग खरं बोलायचे. म्हणून रेकॉर्डिंग करायला फोन घेऊन मी फिरायचो.

एकदा तिला म्हटलं, मग मी पण यंत्रच की. ती म्हणाली, "तू नक्कल करतोस तेव्हा समोरच्याला माहीत असतं की हा तू आहेस. म्हणून तर तो हसतो." हे तिनं वहीत लिहून घेतलं. मी दोन दिवस गल्लीत सगळ्यांना सांगत होतो, माझ्यावर अभ्यास चाललाय म्हणून.

शेवटचं घर कंडक्टरमामांचं. सगळा जन्म ओरत्तनाडुच्या बसवर काढलेला, आता रिटायर. बायको गेलेली, मुलगी चेन्नईला नोकरीत. "आत सरका, आत सरका" हे त्यांचं तमिळ ओरडणं मी पाचवीपासून काढायचो, त्यांच्या तोंडावर सुद्धा. दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर बसवून त्यांनी मला पितळी वाटी-पेल्यातून कॉफी दिली, तासभर बोलले, आणि उत्तर दिलं.

ते उत्तर मी पुसलं. फोनात जागा नव्हती, आणि मला एका लग्नातला माझाच व्हिडिओ ठेवायचा होता. न बघता बोट दाबलं. परत जाऊन विचारलं असतं तर मामांनी परत सांगितलं असतं, वर पाठीत एक धपाटा. पण लाज वाटली. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो, आणि आठव्या दिवशी सकाळी मामा गेले.

अक्का रेकॉर्डिंग मागत होती. एका दुपारी दार लावून मी मामा झालो. त्यांचं बोलणं साधारण आठवत होतं. त्यात खोकला घातला, मधे मधे तमिळ घातलं, आणि शेवट जरा बरा केला. "बोलू दे की. पोरगी तिकडं एकटी असती. तिला ऐकू येऊ दे."

अक्कानं ते दोनदा ऐकलं. म्हणाली, एवढ्या उत्तरांत जीव आहे तो यात. दोन वर्षांचा तिचा लेख तिनं त्या उत्तरावर उभा केला, आणि बाहेरच्या एका मासिकानं तो घेतला. तिनं मला मैसूरपाक दिला. मी खाल्ला.

मग मामांची मुलगी आली. अक्कानंच तिला कळवलं होतं, अप्पांचं रेकॉर्डिंग आहे म्हणून. अक्काच्या टेबलाशी बसून तिनं ते ऐकलं, आणि डोळ्यांना पदर लावला. खोकला पण तोच, म्हणाली. मग सरळच म्हणाली, अप्पांनी हो म्हटलंय ना, तर मी त्यांचा आवाज कंप्यूटरवर करून घेते, रोज संध्याकाळी बोलेन. अक्कानं आपलाच लेख मनात चाचपून बघितला असणार. माणसानं स्वतः परवानगी दिली होती, अडवायला काही नव्हतं. मला म्हणाली, पाठव तिच्या फोनवर.

इतकी चांगली नक्कल मला आयुष्यात जमली नव्हती. ही बाई आता जन्मभर रोज संध्याकाळी माझ्याशी बोलणार होती.

"तो मी आहे," मी म्हटलं.

ती चक्क हसली. माझा लौकिकच तसा. मग ते वाक्य मला तिच्यासमोर मामांच्या आवाजात म्हणून दाखवावं लागलं. पोरगी तिकडं एकटी असती, इथवर आलो तेव्हा तिनं हात वर करून मला थांबवलं.

मग तिनं विचारलं, "खरं काय म्हणाले होते?"

मी डोक्याला खूप ताण दिला. तिण्णै आठवली, कॉफी आठवली, गुडघ्यावरचा त्यांचा हात आठवला. मामा तोंड उघडायचे, आणि मी बनवलेलंच वाक्य बाहेर पडायचं.

"हो म्हणाले का नाही, एवढं तरी सांग."

"आठवत नाही."

तिनं बॅग उचलली आणि अक्काला नमस्कार करून गेली. माझ्याकडं बघितलं नाही.

अक्का मला रागावली नाही. त्याच आठवड्यात तिनं मासिकाला लिहून लेख परत घेतला. आता आम्ही रोज चारला बसतो आणि सगळी जुनी रेकॉर्डिंगं पहिल्यापासून ऐकतो. एकेक संपलं की ती माझ्या तोंडाकडं बघते. मी म्हणतो, हे त्यांचंच आहे, अक्का. ती मान हलवते आणि तेच परत एकदा लावते.