बाविसावी चौकट

व्यसनमुक्ती केंद्रात तिला सगळे 'आ-करा सिस्टर' म्हणत. गर्दच्या, अफूच्या विळख्यातून सुटलेल्यांना रोज सकाळी खिडकीशी तलफ उठू नये म्हणून जिभेखाली गोळी द्यायची, ती विरघळेपर्यंत समोर बसवायचं आणि मग 'आ करा' म्हणून तोंड तपासायचं, हे काम ती बारा वर्षं करत होती. कुणाची आई रडत आली, की ठणकावून सांगायची, "अहो, रोज गोळी घेतो म्हणून व्यसनी झाला का? तुम्ही रक्तदाबाची घेताच ना? पोरगा कामाला जातो, घरी जेवतो, आणखी काय हवं?"

आणि एका सोमवारी लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक गोळी विरघळल्यावर म्हणाला, "सिस्टर, तुमच्या मुलीला मी माझं सगळं सांगितलंय. आम्हाला लग्न करायचंय. गोळी चालू आहे, पुढेही राहील. तुमचं काय म्हणणं?"

पाच वर्षांत एक खाडा नाही असा माणूस. पण सिस्टर एवढंच म्हणाली, "आ करा."

त्याच आठवड्यात, गोळीच्या उपचारांबद्दल कर्मचाऱ्यांना काय वाटतं ते मोजायला एक पाहणीवाली आली. बावीस विधानं, प्रत्येकापुढे 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच चौकटी. सिस्टरने एकवीस खुणा चहा निवायच्या आत केल्या. बाविसावं विधान होतं: 'असे उपचार चालू असलेल्या माणसाशी माझ्या मुलीचं लग्न झालं तर मला चालेल.' पेन तिथेच अडलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तिला स्वतःचीच लाज वाटली.

कागद तीन दिवस पर्समध्ये राहिला. कागदावर नाव लिहायचं नव्हतं, पण बाकीच्यांनी दिल्यामुळे अडलेला कागद कुणाचा, हे शिपायालाही ठाऊक होतं.

"एका खुणेसाठी एवढं काय?" डॉक्टर म्हणाले. "मी तर डोळे मिटून 'पूर्ण सहमत' केलं."

"तुम्हाला दोन्ही मुलगेच आहेत, डॉक्टर."

डॉक्टर खो-खो हसले.

संध्याकाळी मुलगी चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून आली, तेव्हा सिस्टरने कागदच तिच्यापुढे ठेवला.

"आई, भीती कसली वाटते तुला?"

"उद्या परत घसरला तर?"

"तर तू आहेस की खिडकीत. रोज तोंड उघडून बघणारी सासू आणखी कुणाला मिळणार?"

सिस्टरला हसू फुटलं आणि डोळेही भरले. बारा वर्षं परक्या आयांना तिने दिलेला धीर आज तिच्या वाट्याला आला होता.

दुसऱ्या दिवशी पाहणीवालीला कागद मिळाला. बाविसाव्या विधानापुढे एकही खूण नव्हती. खाली लिहिलं होतं: 'लग्न ठरलं आहे. पूर्ण सहमत असणाऱ्या सर्वांनी यावं.'

"आता हे मोजू कसं?" ती म्हणाली.

"लग्नात डोकी मोज," सिस्टर म्हणाली.

केंद्रातले चौदाच्या चौदा कर्मचारी आले. डॉक्टर दोन्ही मुलांना घेऊन सर्वांत आधी हजर. जेवणाच्या वेळी सिस्टर गोडाचा घास घेऊन जावयापुढे उभी राहिली. इतकी वर्षं ती त्याला अहो-जाहो करत आली होती.

"आ कर," ती म्हणाली.