न घेतलेल्या पैशांचा कर

ड्रॉइंगमास्तर कुणालाही भेटले की आधी त्याचे कान बघत. नमस्कार वगैरे नंतर. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी दोनदा कानामागे हात फिरवून पाहिला, काही लागलंय की काय म्हणून. ते हसले नाहीत. "डावा जरा पुढं आलाय," एवढंच म्हणाले. ओळख वाढल्यावर त्यांनी कारण सांगितलं. "चेहरा माणूस सांभाळतो, फोटोसाठी नीट करतो. कान कुणी सांभाळत नाही. कान चुकला की चित्र दुसऱ्याच कुणाचं तरी होतं."

नगरच्या मिशन शाळेत ते चित्रकला शिकवत आणि मी गणित. ते मला 'हिशेबनीस' म्हणत. भिंगार कॅम्पाच्या रस्त्याला एकाच आवारात आमची बिऱ्हाडं होती. लढाईची वर्षं होती आणि कॅम्प शिपायांनी भरलेला होता. आघाडीवर जायच्या आधी घरी पाठवायला म्हणून शिपाई मास्तरांकडून आपलं चित्र काढून घेत. शाळा सुटली की मास्तर पडवीत बसत, समोर खुर्चीवर एखादा शिपाई ताठ बसलेला असे, आणि काळ्या पावडरीतून हळूहळू त्याचा चेहरा कागदावर उमटत जाई. दर ठरलेला होता आणि मास्तर तो स्पष्ट सांगून घेत. "घोडेगावच्या बाजारात बैल विकणारा लाजतो का? मग मी का लाजू?"

पण एका प्रकारच्या चित्रांचे ते काहीच घेत नसत. मधूनमधून खेड्यापाड्यांतून पत्रं येत. पोरगा लढाईत गेला, घरात त्याचा एकही फोटो नाही, पलटणीच्या घोळक्यातला हा एवढासा आहे, त्यावरून काढता येईल का? मास्तर भिंग लावून त्या नखाएवढ्या चेहऱ्यावर आठ-आठ दिवस काम करत आणि चित्र स्वतःच्या खर्चानं पाठवून देत. मी एकदा विचारलं, तर चिडले. "ते पैसे कुणाकडून घ्यायचे, सांगा बरं मला?"

शिपायांच्या चित्रांची कमाई पगारात मिळवली तर इन्कमटॅक्सच्या मर्यादेवर जाते, हे आमच्या शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी सहज बोललं. मास्तरांनी ते मनावर घेतलं. त्या संध्याकाळी ते मला फॉर्म भरायला बोलवायला आले, तेव्हा वहिनी दारातच होत्या. "कुणी विचारलंय का तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही तरी सांगा. अख्खा रस्ता कॅम्पाला काही ना काही विकतोय. कुणी जातंय का कचेरीत आपण होऊन?"

"विचारेपर्यंत थांबायचं का?" मास्तर म्हणाले.

फॉर्म मी भरला. आणि वर शहाणपणा केला तो असा, की पुरावा असावा म्हणून मास्तरांची वहीही सोबत जोडली. त्या वहीत प्रत्येक चित्राची नोंद होती: नाव, गाव, तारीख. पैसे घेतले असतील तिथं रक्कम. बाकीच्यांपुढं कोरी जागा.

महिन्याभरात बोलावणं आलं. मी सोबत गेलो. अधिकारी तरुण होता, सभ्य होता, त्यानं मास्तरांना खुर्ची दिली. वहीची पानं उलटत त्यानं विचारलं, "इथं रकमा नाहीत त्या का?"

"ती माणसं मेलेली होती," मास्तर म्हणाले.

"म्हणजे चित्र घरच्यांनी काढून घेतलं. मग घरच्यांनी पैसे दिले असतील."

"मी घेतले नाहीत."

अधिकाऱ्यानं वही मिटली. "मास्तर, इथं येणारा प्रत्येकजण मला हेच सांगतो. तुम्ही खरं बोलत असाल. मग त्या लोकांकडून तसं लिहून आणा. नाहीतर सगळ्या चित्रांना एकच दर धरून मला आकारणी करावी लागेल."

मास्तरांनी वही आपल्याकडं ओढून घेतली. मग म्हणाले, "ज्यांचा मुलगा गेलाय त्यांना मी हे लिहायचं? की मी तुमच्याकडून काही घेतलं नाही, याची पावती द्या?"

"तुमची मर्जी."

"नाही लिहिणार," मास्तर म्हणाले आणि उठले.

आकारणीची नोटीस आली तेव्हा वहिनी रडल्या नाहीत. नुसत्या चुलीपुढं बसून राहिल्या. त्यांच्या मुलीला मिरजेला नर्सिंगला पाठवायचं ठरलं होतं, आणि त्यासाठी साठवलेल्या पैशांतला मोठा वाटा आता कचेरीत जाणार होता. वही मी जोडली होती. शेवटी मास्तरांना न सांगता मी त्या वहीतल्या कोऱ्या जागांपैकी सात जणांच्या पत्त्यांवर कार्डं टाकली. मजकूर अजून तोंडपाठ आहे. 'आपणांस मिळालेल्या चित्राबद्दल आपण काही रक्कम दिली किंवा कसे, हे सरकारास कळविणे जरूर आहे. तरी उलट टपाली लिहावे.' खाली माझं नाव आणि शाळेचा पत्ता. मला तो अगदी मुद्देसूद वाटला होता. ज्यांच्या दारात लढाईत मुलगा गेल्याचा सरकारी कागद येऊन गेला, त्या घरात 'सरकारास' हा शब्द कसा वाचला जाईल, याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

तीन आठवड्यांनी एका रविवारी, मास्तर चर्चहून परतले तेव्हा, पडवीत एक म्हातारी बसलेली होती. खर्ड्याहून आली होती. थोडं चालत, थोडं कुणाच्या गाडीतून, मग मोटारीनं. मांडीवर लुगड्यात गुंडाळलेलं चित्र होतं. मी माझ्या दारात उभा होतो.

"फोटुवालं मास्तर तुमीच का?" तिनं विचारलं. "हे परत घ्या बाबा. सरकारचं कार्ड आलं. पैसं भरा म्हनून. आमच्याकडं न्हाईत. तुमाला बी माज्या लेकापायी तरास नगं."

मास्तरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं. मग ते तिच्यापुढं खाली बसले. "आई, कुणी पैसे मागत नाही. कार्ड चुकून आलं. चित्र तुमचंच आहे."

"खरं का? शप्पत घ्या."

मास्तर कधी शपथ घेत नसत. त्यांच्या धर्मात ते बसत नाही असं म्हणत. त्या दिवशी त्यांनी तिच्या पायाला हात लावून घेतली. मग कापड सोडलं. दिव्याच्या काजळीनं चित्राची एक बाजू काळवंडली होती आणि गालावर बोटांचे ठसे होते. "रोज हात फिरवती मी," ती ओशाळून म्हणाली. "खराब झालं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. वहिनींनी तिला जेवायला वाढलं, आणि तेवढ्या वेळात मास्तरांनी काजळी उतरवली, पुसट झालेला कान पुन्हा काढला. गालाला मात्र हात लावला नाही.

तिला मोटारीत बसवून आल्यावर ते सरळ माझ्याकडं आले. "हिशेबनीस, तुम्ही माझ्या भल्यासाठी केलंत, हे मला कळतं. पण खर्ड्यापासून इथपर्यंत ती बाई काय विचार करत आली असेल?" ते वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

कर त्यांनी भरला. सायकल विकली, मुलगी एक वर्ष घरी बसली. लढाई संपली, कॅम्प रिकामा झाला, पडवीतली खुर्ची आत गेली. पुढं मुलगी मिरजेला गेली खरी, पण त्या एका वर्षाबद्दल वहिनींनी मला कधी माफ केलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात मास्तर निवृत्त होऊन कोपरगावकडं भावाकडं राहायला गेले. सामान बैलगाडीत चढत होतं. मी मदतीला होतो. एकाएकी त्यांनी विचारलं, "तेव्हा किती जणांना लिहिलं होतंत?"

"सात जणांना."

"बाकी सहा जणांचं काही आलं?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा सैल झाला. "म्हणजे त्यांनी चित्रं ठेवून घेतली," ते म्हणाले, आणि माझा हात हातात घेऊन कितीतरी वेळ उभे राहिले. मग गाडीत बसले. ती आमची शेवटची भेट.

मी खोटं बोललो होतो. म्हातारी येऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावानं एक गुंडाळी आली होती. आत चित्र होतं, चिठ्ठी नव्हती. मी ते लगेच उलट पाठवलं, सोबत चार ओळी लिहिल्या. टपाल परत आलं, त्या घरात आता कुणी राहत नाही असा शेरा घेऊन. दुसऱ्यांदा मी स्वतः त्या गावी गेलो. दाराला कुलूप होतं आणि शेजाऱ्यांना काही सांगता आलं नाही.

तो मुलगा आता माझ्या घरात, भिंतीवर आहे. विशीचा असेल. येणारे-जाणारे विचारतात, हा तुमचा कोण? मी नाव सांगतो, गाव सांगतो. त्यापुढं काय सांगावं ते मला अजून कळलेलं नाही.