मावशीचा ब्लाउज

फुलपाड्यात मी वीस वर्षं ब्लाउज शिवत होते. मग अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पाय सावरला, पण उजव्या हातात काही टिकेना. मशीनवर चादर टाकून ठेवली. भेटायला येणारे म्हणायचे, "काळजी करू नको, सगळं नीट होईल." मनापासूनच म्हणायचे, पण ते गेले की मला जास्तच रडू यायचं.

बाजारात अर्नाळ्याची एक मावशी मासळी विकायला बसते. सत्तरीची असेल. आजारानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा पिशवी घ्यायला मी डावा हात पुढे केला. तिनं पिशवी मागे घेतली.

"उजव्यानं घे, बाय."

"पडेल गं मावशी."

"पडू दे. धुऊन देते."

पडलीच. बोंबील रस्त्यावर. तिनं ते स्वच्छ पाण्यातून काढले आणि पिशवी परत उजव्या हातापुढे धरली. गिऱ्हाइकं खोळंबली होती. लाज मला वाटत होती, तिला मुळीच नाही.

नंतर मी गेले की ती दिसेल तेवढंच सांगायची. "परवा दोन बोटांनी धरलंस, आज तीन हायेत." मी खाली बघायची, तर खरंच तीन! म्हणून तिचं बोलणं मला पटायचं.

एके सकाळी तिनं टोपलीमागून जांभळं कापड काढलं. "नातीच्या लग्नात घालाचाय. तूच शिव."

"माझा हात बघतेस ना?"

"बघते म्हनून तर देते. लग्नाला अजून टाइम हाय."

महिना गेला त्या एका ब्लाउजात. कात्री धरली की बोटं आखडायची. बाह्या तीनदा उसवल्या. दिला तेव्हा तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

लग्नानंतर ती तोच ब्लाउज घालून बाजारात बसली होती. मला बघताच सगळ्यांसमोर म्हणाली, "डावी बाही काखेत ओढते. पुढच्या टायमाला सैल ठेव." आणि दुसरं कापड माझ्या हातात दिलं.

खोटं कौतुक तिनं कधीच केलं नाही. मी पुढे शिवणारच, हे चूक दाखवतानासुद्धा ती धरून चालली होती. कुणाला धीर देताना इतकं साधं बोलणं मला आजवर जमलेलं नाही.

आता बाजारातल्या पाच-सहा जणी माझ्याकडेच शिवतात. सुईत दोरा मात्र मुलगी ओवून देते.