पाण्याची काय चूक

मिस्त्री घरात यायचे, चपला काढायचे, आणि एसीकडे ढुंकूनही न बघता पुन्हा चपला घालून घराच्या मागच्या बाजूला जायचे. "पाणी भाईर कुठं पडतंय ते दावा आधी," एवढंच बोलणं. आत एसी टपटप गळतोय, खाली बादली ठेवलीय, घरातली माणसं फडकी घेऊन उभी आहेत, आणि हे मागे जास्वंदीच्या कुंडीपाशी उकिडवे बसून अंगठ्याएवढ्या पाइपाच्या तोंडाला डोळा लावून बघताहेत. आमच्या कॉलनीत हा देखावा प्रत्येकाने एकदा तरी पाहिलेला आहे.

तुमच्याकडेही एसीवाले येत असतील. ते फिल्टर झटकतात, गॅस तपासतात, वर बोट दाखवून काहीतरी जड बोलतात आणि जातात. मिस्त्रींना गारव्यात फारसा रस नव्हता. त्यांचा सगळा जीव त्या एसीतून निघणाऱ्या पाण्यात. ते पाणी ट्रेमध्ये जमतं, पाइपातून बाहेर जातं, आणि त्या वाटेत धूळ आणि शेवाळ साचलं की मागे फिरून घरात उतरतं. लोक एसीला शिव्या घालायचे, कंपनीला घालायचे. मिस्त्री शांतपणे म्हणायचे, "पाण्याची काय चूक हाय सांगा?"

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा चूक आईची होती. मी हायस्कुलात शिकवते, घरात मी आणि आई दोघीच. आईला दम्याचा त्रास, म्हणून तिच्या खोलीत एसी बसवला. आईने आयुष्यात पाण्याचा थेंब वाया घालवलेला नाही. एसीचं पाणी असंच मातीत जातंय हे बघून तिचा जीव तुटायला लागला. तिने एक प्लॅस्टिकचा कॅन आणला, पाइपाचं टोक त्यात पार तळापर्यंत खुपसलं, आणि डास नकोत म्हणून वरून जुन्या लुगड्याचा तुकडा करकचून बांधला. पंधरा दिवसांत एसी तिच्याच उशीवर गळायला लागला.

मिस्त्रींनी कॅन बघितला, बांधलेलं फडकं बघितलं. "ह्ये डोकं कुणाचं?"

"माझं," आई ताठ मानेनं म्हणाली.

"मावशी, तुमचं नाक धरून तोंड पाण्यात बुडीवलं तर तुम्ही बोलाल व्हय?"

दम्याच्या पेशंटला कुणी असं विचारतं का? पण आई इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. मिस्त्रींनी फडकं सोडलं, पाइपाचं टोक कापून कॅनच्या चार बोटं वर आणलं, आणि आत अडकलेलं पाणी भसाभसा बाहेर आलं. कॅन मात्र त्यांनी काढायला लावला नाही. "पाणी साठवा की. फकस्त त्याला श्वास घिऊ द्या." त्या दिवसापासून त्यांच्यासाठी आमच्याकडे वेगळा कप निघाला, मोठा, कानवाला.

मग कॉलनीभर त्यांचं नाव झालं. त्यांचं हत्यार म्हणजे सायकलला हवा भरायचा एक जुना पंप. त्याच्या आतला चामड्याचा वायसर त्यांनी उलटा बसवला होता, त्यामुळे तो हवा मारण्याऐवजी ओढायचा. बाकीचे लोक मोठा ब्लोअर लावतात. मिस्त्रींना ते बिलकूल मान्य नव्हतं. आतून जोराची हवा मारली की भिंतीतला पाइपाचा जोड सुटतो, आणि मग भिंत गळते, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी आता वर्गात शिकवू शकेन. पंपाची रबरी नळी पाइपाच्या टोकाला लावायची, भोवती ओलं फडकं गुंडाळायचं आणि ओढायचं. गाळ सुटायच्या बेतात आला की पंपाचा आवाज बदलतो. तो आवाज ऐकायला शेजारपाजारचे कुंपणाशी जमायचे, आणि मीही हातातल्या वह्या टाकून धावायचे.

समोरच्या बंगल्यातल्या निवृत्त साहेबांनी घर सुंदर दिसावं म्हणून पाइप खिडकीच्या छज्ज्यावरून वळवून घेतला होता. मिस्त्रींनी मान वर करून बराच वेळ बघितलं. "साहेब, तुमचं पाणी जिना चढतंय व्हय?" साहेब आठ दिवस रागावले आणि नवव्या दिवशी पाइप उतरता करून घेतला.

एकदा कोपऱ्यावरच्या घरी पाइपाच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. काडी घालून टोचलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम. मिस्त्रींनी ते टोक दोन बोटं कापून काढलं आणि माशीच्या घरासकट कुंडीत खोचून ठेवलं. "लेकरं हायत आत," म्हणाले, आणि नव्या तोंडावर बारीक जाळी बसवली. तिच्या भोकांतून पाणी जातं, माशी जात नाही. ती जाळी महिन्यातून एकदा चोळून धुवा, असा दमही दिला.

आता मुख्य गोष्ट सांगते. 

दोन उन्हाळ्यांपूर्वी आईला श्वास घेता येईना म्हणून आठवडाभर दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, खोली गार हवी आणि कोरडी हवी, बुरशी अजिबात चालणार नाही. मी घरी येऊन बघते तर आईच्या पलंगामागची भिंत पुरुषभर ओली आणि तिच्यावर काळे डाग. पाइप त्याच भिंतीच्या आतून नेलेला. मिस्त्री बाहेरगावी कामाला गेलेले, म्हणून दुसऱ्या दोघा एसीवाल्यांना बोलावलं. दोघांनीही एकच सांगितलं, भिंत फोडा. म्हणजे पंधरा दिवस सिमेंटची धूळ.

तेवढ्यात पुण्याहून दादा गाडी घेऊन आला. तो वाईट नाही हो, त्यालाही आईची काळजी. पण त्याचं ठरलं होतं. "रविवारपर्यंत ही भिंत कोरडी झाली नाही तर आईला मी कायमची पुण्याला नेणार." हे तो दवाखान्यात आईच्या खाटेशेजारी उभा राहून बोलला. आईनं माझा हात धरला. तिला कोल्हापूर सोडायचं नव्हतं, आणि मला तिच्याशिवाय त्या घरात राहायचं नव्हतं. तो शुक्रवार होता.

मी मिस्त्रींना फोन केला. ते कागलला कुणाचं तरी काम करत होते. अर्ध्यावर टाकून आले.

या वेळी ते चपला न काढताच मागे गेले. मग आत येऊन भिंतीला कान लावला आणि मला ट्रेमध्ये पाणी ओतायला सांगितलं. हळूहळू कान सरकवत गेले, आणि माझ्या कमरेच्या उंचीवर पेन्सिलीनं फुली मारली. "हितं. हितं पायपाला पोट आलंय. लावताना ढिला सोडलाय, तितं गाळ बसलाय, म्हणून पाणी मागं फिरून भितीवर उतरतंय. फोडायचं काम न्हाय."

त्यांनी ट्रेमधून आंघोळीचं असतं तेवढं कोमट पाणी आणि व्हिनेगर हळूहळू सोडलं. उकळतं नाही, त्याने पाइप वाकतो. अर्धा तास मुरू दिलं. मग मागे जाऊन पंप लावला. ओढलं, काही नाही. पुन्हा ओढलं, काही नाही. त्यांच्या गुडघ्यांना उकिडवं बसवेना, तेव्हा त्यांनी मागे वळून दादाकडे बघितलं. "पावणं, मोबाईल ठेवा खिशात. हिकडं या."

माझा दादा, पुण्याच्या मोठ्या ऑफिसातला, इस्त्रीचा शर्ट घालून चिखलात बसला आणि पंप ओढायला लागला. मिस्त्री पाइपावर बोटांनी टिचक्या मारत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दादाचा शर्ट पाठीला चिकटला. आणि अचानक पंपाचा आवाज बदलला. काय सांगू तुम्हाला, तो आवाज मी लगेच ओळखला. पंप दादाच्या हातातून निसटला, वीतभर लांब काळं बुळबुळीत शेवाळ बाहेर येऊन पडलं, आणि मागोमाग पाणी, धो धो पाणी. दादा माझ्याआधी ओरडला, "आलं, आलं!" शेजारच्या गच्चीवरून टाळ्या पडल्या. मी मात्र तिथेच पायरीवर बसून रडले.

दोन दिवस दोन पंखे भिंतीकडे तोंड करून चालले. डाग मी आणि दादाने पुसून काढले. रविवारी संध्याकाळी दादानं भिंतीवर तळहात फिरवला, मग कोरडा कागद दाबून बघितला आणि म्हणाला, "ठीक आहे." सोमवारी आई घरी आली, आणि दादा एकटाच पुण्याला गेला.

पण पाइपाचं पोट तसंच होतं. मिस्त्रींनी आईला बजावलं, दर महिन्याला पाणी सोडायचं, चुकवायचं नाही. "मावशी, म्हैन्यातनं एकदा येणारी कंची गोष्ट तुम्ही कधी इसरत न्हाय?"

"संकष्टी."

"झालं की मग."

तेव्हापासून आमच्याकडे संकष्टीला दोन कामं. सकाळी आई पाणी कोमट करते आणि तांब्या माझ्या हातात देते. मी एसी बंद करून स्टुलावर चढते. ती काठी टेकत मागे जाऊन पाइपापाशी उभी राहते. मी ओतते आणि ती तिकडून ओरडते, "आलं गं." हळूहळू कॉलनीतल्या बायकांनीही हे उचललं. आता संकष्टीला सकाळी आमच्या गल्लीत दहा-बारा घरांच्या मागे पाणी पडत असतं. त्यानंतर कुणाचाही एसी तुंबला नाही.

आणि मग मिस्त्रींना बोलवायला कारणच उरलं नाही. दिवाळीनंतर ते एकदा स्वतःहून आले. गुडघे पार गेले होते, शिडी चढवत नव्हती. धंदा बंद करून गारगोटीला गावच्या घरी राहायला निघाले होते. कानवाल्या कपातून चहा प्याले, भिंतीवरून हात फिरवला. आईने विचारलं, "आता कधी येशील?"

"मावशी, मला यायला लागू ने म्हणून तर एवढं सगळं केलं की," ते हसून म्हणाले, आणि गाडीला किक मारून गेले.

पुढच्या संकष्टीला आई देवापुढून उठली आणि गप्प पलंगावर जाऊन बसली. पाणी तापवलेलं नव्हतं.

"आई, एसीत पाणी सोडायचंय ना?"

"ऱ्हाऊ दे."

"तुंबेल."

"तुंबू दे की."

"अगं भिंत ओली झाली तर दादा येईल तुला न्यायला."

"येऊ दे. त्याच्या आधी मिस्त्री येईल."

मला इतका राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी एकटीनेच पाणी तापवलं, स्टुलावर चढून ओतलं, आणि उतरून मागे धावले. तोपर्यंत पाणी पडून गेलं होतं, माती नुसती ओली दिसत होती. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाली, "फोन लाव त्याला. तुंबलंय म्हण."

मी लावला. तुंबलंय म्हणून सांगितलं.

"बाई, भिंत वली हाय?" तिकडून प्रश्न आला.

"नाही."

"भाईर पाणी पडतंय?"

"पडतंय."

मिस्त्री तिकडून हसले. मग म्हणाले, "मावशीकडं द्या फोन."

मी फोन आईच्या हातात दिला. तिनं आधी पदरानं डोळे पुसले, आणि मग आवाज चढवून, महिनाभर एक फोन करता आला नाही का म्हणून त्यांना झापायला सुरुवात केली.