सूप येईपर्यंत

“ताट समोर येईपर्यंत सुई घ्यायची नाही, असं ठरलं होतं ना आपलं?”

“हळू बोल.”

“हळूच बोलतेय. वॉशरूममध्ये जाऊन घेतलीत ना?”

“ऑर्डर दिली, घेतली. घरी काय करतो? तेच केलं.”

“घरी मी ताट वाढून उभी असते, अहो. इथं कोण उभं आहे?”

यादवराव मेश्रामांनी समोरची कागदी मॅट टेबलाच्या कडेला नीट समांतर लावली, तिच्यावर काटा-चमचा सरळ केला. भिंतीवरच्या घड्याळात बारा वीस झाले होते. राधाने घड्याळ पाहिलं आणि मनात तो आकडा धरून ठेवला.

कोमल दाराजवळच्या फळ्याचा फोटो काढत होती. ती येऊन बसली, तशी दोघं गप्प झाली.

“सो क्यूट ना?” कोमल म्हणाली. “नो मेनू. जे फळ्यावर आहे तेच. वाटाण्याचं सूप, मग खिमा भरून भाजलेली पाय, मग स्वीट, मग कॉफी. सगळं मिळून बावीस डॉलर. गावातले लोकच येतात इथं.”

“म्हणजे आपली राइस प्लेटच की,” यादवराव म्हणाले.

“बाबा, प्लीज. डोन्ट कॉल इट दॅट.”

“काहून? वाईट शब्द आहे का तो?”

क्युबेक सिटीत दोन दिवस राहून तिघं हॅमिल्टनला परत निघाले होते. मोठा हायवे सोडून नदीकाठच्या जुन्या रस्त्याने जायचं, हा कोमलचा हट्ट. हे हॉटेलही तिनेच शोधलेलं. चर्चच्या समोर लाकडी घर, खालच्या मजल्यावर आठ-दहा टेबलं, त्यांवर फुलाफुलांचं प्लास्टिक. हॉटेल चालवणारी बाई साठीची, ठेंगणी. स्वयंपाक तिचाच आणि वाढणंही तिचंच. खिडकीजवळच्या लांब टेबलावर वीसेक माणसं बसली होती. चर्चमधून बाळाचा बाप्तिस्मा उरकून आलेलं कुटुंब होतं ते. आधी त्यांचं सूप, मग बाकीच्यांचं, असं बाईने कोमलला फ्रेंचमध्ये सांगितलं होतं. कोमलने ते आईला सांगितलं तेव्हा यादवराव वॉशरूममध्ये होते.

यादवराव घड्याळाचे पक्के. नागपूरच्या इंदोऱ्यातून सत्तावीस वर्षांपूर्वी कॅनडात आले, ते सिव्हिलचा डिप्लोमा आणि एक बॅग घेऊन. पहिली तीन वर्षं गोडाऊनवर सिक्युरिटी गार्ड, मग हॅमिल्टनमध्ये पाण्याच्या लाइनींचे इन्स्पेक्टर. सरकारी व्हॅन घेऊन दिवसभर शहरभर फिरायचं, पाइप आणि व्हॉल्व्ह तपासायचे. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाची वेळ पाचची असली, तर पाच वाजून एक मिनिटाने ते माइकवर उभे राहत आणि मागून येणाऱ्यांची नावं घेऊन स्वागत करत. लोक हसत, पण पुढच्या वर्षी वेळेवर येत.

साठीला आलेल्या या माणसाची एक गोष्ट फक्त राधाला माहीत होती. सहा वर्षांपासून ते इन्सुलिन घेत होते. डायबेटिस आहे आणि गोळ्या चालू आहेत, एवढंच कोमलला ठाऊक होतं. इन्सुलिनची पेनं फ्रिजमध्ये एका डब्यात असत आणि डब्यावर राधाच्या अक्षरात ‘कारळाची चटणी’ असं लिहिलेलं असे. कोमल त्या डब्याला कधी हात लावायची नाही. सुई दिवसातल्या मोठ्या जेवणाआधी घ्यायची, प्रवासात ते दुपारचं, घरी रात्रीचं. घरी संध्याकाळी सात वाजता यादवराव कपडे बदलायला म्हणून खोलीत जात, दार लावून पोटात सुई टोचत आणि बाहेर येत. तेव्हा ताट टेबलावर असलंच पाहिजे, नाहीतर रक्तातली साखर एकदम उतरते. सहा वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं. त्यासाठी राधाने डे-केअरमधली संध्याकाळची नोकरी सोडली होती. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला जायचंही टाळलं होतं.

हे लपवायचं कारण ती व्हॅन. “सुईवर आहे म्हणून कळलं, की शंभर कागद मागतात,” यादवराव म्हणत. “ड्रायव्हिंग बंद म्हणजे नोकरी बंद. पोरगी कुठं बोलून जाईल सांगता येत नाही.”

मागच्या हिवाळ्यात ग्रोसरी घेऊन येताना लाल सिग्नल लागला आणि त्यांनी गाडी थांबवलीच नाही. पुढे जाऊन ती बर्फाच्या ढिगात अडकली. ते घामाने भिजलेले, डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. राधाने पिशवीतलं केळं त्यांच्या तोंडात कोंबलं होतं. शुद्ध आल्यावर त्यांनी पहिलं काही मागितलं असेल, तर तिचा शब्द. कुणाला बोलायचं नाही. डॉक्टरांनाही नाही. तिने शब्द दिला. त्या दिवसापासून गाडीत बसली की ती रस्त्याकडे बघत नसे, त्यांच्या हातांकडे बघे.

बारा चौतीस. हॉटेलवाली बाई पाण्याचा जग ठेवून गेली.

“ब्रेड नाही का आणत?” राधाने कोमलला विचारलं.

“सुपासोबत येईल. आई, रिलॅक्स. इथे असंच असतं, स्लो.”

राधाने पर्स उघडली. लिमलेटच्या गोळ्यांची पुडी रिकामी होती, हे तिला माहीत होतं, तरी आत बोटं फिरवली. सकाळी धबधब्याच्या पायऱ्या चढून आल्यावर यादवरावांचा हात थरथरला होता आणि उरलेल्या चारही गोळ्या त्यांनी तिथेच संपवल्या होत्या. मोटेलमध्ये नाश्ता नव्हता, नुसती कॉफी. एवढ्या चढ-उतारावर, रिकाम्या पोटी, आणि आता सुई.

“साखरेच्या पुड्या असतील का गं?”

“साखर कशाला? कॉफी लास्टला आहे.”

“असंच.”

यादवरावांनी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दाबला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. राधाच्या ओठांवर वाक्य आलंही होतं. पण सहा वर्षं जे गिळलं, ते वीस अनोळखी माणसांत, पोरीसमोर, एका साखरेच्या पुडीसाठी बाहेर काढायचं? सूप येईलच की. आतून वास तर येत होता. तिने स्वतःला दोन मिनिटं दिली. मग आणखी दोन.

लांब टेबलावर सूप गेलं. तिथला एक म्हातारा उभा राहून काहीतरी बोलला. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. यादवरावांनीही टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांच्या थांबल्यावर वाजवतच राहिले.

“बाबा!” कोमल हसली. “यू डोन्ट ईव्हन नो देम.”

“वेळेवर आले सगळे,” यादवराव म्हणाले. “चांगलं आहे. वेळेवर आले.”

त्यांच्या कपाळावर घाम होता. खिडकी उघडी होती. सप्टेंबरचा गार वारा येत होता आणि कोमलने जॅकेट काढलंही नव्हतं. राधाने त्यांच्या मनगटाला हात लावला. कातडी थंड आणि ओली.

“अहो. पाणी प्या.”

“चष्मा आणतो गाडीतून.”

“चष्मा डोळ्यांवर आहे तुमच्या.”

“दुसरा,” ते चिडून म्हणाले आणि उठून सरळ चालत गेले. तोल जात नव्हता. बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

राधा खिडकीकडे वळली. हॉटेलच्या बाजूला खडीचं अंगण होतं, तिथेच गाड्या लावलेल्या. सुपाचा कंटाळा येऊन त्या कुटुंबाची चार-पाच मुलं तिथे खेळत होती. नवे कपडे, एकीच्या डोक्यावर पांढरी रिबन. ती मुलगी गाड्यांच्या मधे खाली बसून खडे गोळा करत होती. यादवराव ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दार लागलं. मागचे, रिव्हर्सचे पांढरे दिवे लागले.

“कोमल,” राधा म्हणाली. आवाज एवढा कोरडा होता, की कोमलने फोन खाली ठेवला. “बाबा इन्सुलिन घेतात. सहा वर्षं झाली. आत्ताही घेतलंय आणि पोटात काही नाही. आत जा, साखर, ज्यूस, जे मिळेल ते घे आणि पळत बाहेर ये.”

“व्हॉट?”

“पळ!”

राधा कधी धावली होती ते तिला आठवत नव्हतं. दारातल्या खुर्चीला ती धडकली, कुणीतरी फ्रेंचमध्ये ओरडलं. गाडी मागे येत होती, हळू, अगदी नियमात, जशी ते रोज काढत तशी. रिबनवाली मुलगी मागच्या बंपरपासून चार हातांवर बसली होती. राधाने तिला दंडाला धरून ओढलं, बाजूला लोटलं आणि गाडीच्या काचेवर दोन्ही मुठी आपटल्या.

गाडी थांबली. काच खाली आली. यादवरावांनी तिच्याकडे पाहिलं. चेहरा शांत होता, ओळखीचा नव्हता.

“येस मॅडम,” ते इंग्लिशमध्ये म्हणाले. “इज देअर अ प्रॉब्लेम विथ युअर वॉटर?”

तीस वर्षांचा संसार होता आणि हा माणूस तिला मॅडम म्हणत होता. राधाला गाडी चालवता येत नव्हती. पण त्यांचे हात कुठे जातात ते तिला पाठ होतं. तिने खिडकीतून आत वाकून गिअर पुढे पार्कवर ढकलला आणि गाडी बंद करायचं बटण दाबलं. दिवे विझले. मागे ती मुलगी रडायला लागली.

कोमल आली, तिच्यामागे ती हॉटेलवाली बाई एप्रनमध्येच, हातात संत्र्याच्या रसाचा ग्लास. बाईने काही विचारलं नाही. दार उघडून खाली बसली आणि यादवरावांच्या हनुवटीखाली हात धरून घोट घोट रस पाजला. ते थुंकले, मग प्यायले. पुन्हा प्यायले. कोमल खडीवर उभी होती, दोन्ही हात तोंडावर. मुलीची आई येऊन मुलीला उचलून घेऊन गेली. जाताना तिने गाडीकडे वळून पाहिलं, आणि राधाने मान खाली घातली.

पंधरा मिनिटांनी यादवराव म्हणाले, “राधा, मला घाम का आला गं एवढा?”

ते पुन्हा टेबलाशी येऊन बसले तेव्हा सूप वाढलेलं होतं. पिवळं, दाट, वाफा निघणारं, बाजूला ब्रेड. बाईने स्वतः त्यांच्या हातात चमचा दिला आणि ते खायला लागेपर्यंत टेबलाशी उभी राहिली. मग आत गेली.

यादवराव खात होते. अर्धा वाडगा संपल्यावर म्हणाले, “भूक लागली होती, बाकी काही नाही. या लोकांना वेळेची किंमत नाही.”

“सिक्स इयर्स, आई?” कोमल सुपाकडे बघत म्हणाली. “अँड यू लेट हिम ड्राइव्ह मी?”

राधाने चमचा खाली ठेवला. हो, असंच ते उत्तर होतं.

“तिच्यावर ओरडू नको,” यादवराव म्हणाले. मग हळू, फक्त राधाला ऐकू जाईल असं, “शब्द दिला होतास तू.”

राधाने खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात मुलं पुन्हा आली होती. गाडी जिथे थांबली होती तिथेच आडवी उभी होती, आणि त्यांच्यातला एक मुलगा तिच्याभोवती गोल पळत होता.

बाईने खिम्याची पाय आणून ठेवली. तीन ताटल्या, एकाच वेळी.

“गाडी कोमल चालवेल,” राधा म्हणाली. आवाज चढवला नाही, पण हळूही केला नाही. “मंगळवारी मी तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे येणार आणि हिवाळ्यातलं आणि आजचं, दोन्ही सांगणार. लायसन्सवाल्यांना कळवायचं ते डॉक्टर कळवतील. तोपर्यंत तुम्ही स्टिअरिंगला हात लावायचा नाही. घरच्या गाडीच्या नाही आणि व्हॅनच्याही नाही.”