खात्रीबाईंची जास्तीची खात्री

आमच्या वन्संना लॅबमध्ये सगळे खात्रीबाई म्हणतात, आणि ते काही प्रेमाने नव्हे. लग्नाच्या बोलणीत त्यांनी मला वय विचारलं. मी सांगितलं, तर लगेच माझ्या आईकडे वळून तेच विचारलं. तेव्हाच ओळखलं, ही नणंद म्हणजे डोक्याला ताप. गेली सव्वीस वर्षं मी तापवलेलं दूध त्या हुंगून बघतात. कुलूप लावून चार पायऱ्या उतरतात, मग परत चढून ते ओढून पाहतात.

त्यांचं कामच तसलं. पेशींतला डीएनए घ्यायचा, यंत्रात घालून त्याच्या लाखो नकला काढायच्या आणि मग त्यातली अक्षरं वाचायची. एकदा मी चिडून म्हटलं, "वन्सं, इतका संशय बरा नव्हे."

"तुमच्या पेशी माझ्याहून संशयी आहेत, वहिनी," त्या म्हणाल्या. "नक्कल काढताना एक अक्षर लावतात, तपासतात, चुकीचं वाटलं तर तोडतात. कधीकधी बरोबर असलेलंही तोडून टाकतात. त्यात वेळ जातो, ताकद जाते. पण म्हणूनच कोट्यवधी अक्षरांत एखादीच चूक राहते. तुमच्या जेवणातला थोडा वाटा या संशयालाच जातो."

"तुमच्या जेवणातला जरा जास्तच जातो," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

माझे यजमान पोटाच्या कॅन्सरने गेले. त्यांच्या डीएनएतलं एक अक्षर बदललेलं निघालं, पिढीजात. आमच्या लेकीत ते उतरण्याची शक्यता निम्मी होती. वन्सं त्यांची सख्खी बहीण, म्हणजे त्यांनाही तेच लागू. पण "आधी पोरीचं बघू" म्हणत त्यांनी स्वतःचं टाळलं. लेकीचा नमुना त्यांनीच हाताळावा असा हट्ट मी धरला. नियमात बसत नव्हतं, पण परक्यावर माझा तरी कुठे विश्वास होता? तिच्या गालाच्या आतून कापूस फिरवून त्यांनी नळीत नमुना घेतला. तो अगदी जेमतेम निघाला.

निकाल आला. अक्षर होतं.

डॉक्टर म्हणाले, रोग होण्याआधीच सगळं जठर काढून टाकू. तीन आठवड्यांनंतरची तारीखही दिली. लेक चोवीस वर्षांची. ती खोलीत जाऊन दार लावून बसली, आणि मी दाराबाहेर.

वन्संनी मात्र निकाल मानायलाच नकार दिला. त्यांचा संशय शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यावर, कारण पुढचं यंत्रावरचं काम त्याने केलं होतं. "नकला काढायला त्याने घाईचं एन्झाइम वापरलं असणार. ते लावलेलं अक्षर तपासतच नाही. नमुना एवढासा. पहिल्याच फेरीत चूक झाली की पुढच्या नकला तीच गिरवतात." मला वाटलं, बाई मला खोटी आशा लावतेय. भाचीवर जीव आहे, म्हणून निकालच फिरवायला निघालीय. तसं झालं तर माझी पोर बिनऑपरेशनची राहील आणि तिच्या बापासारखीच जाईल. त्या रात्रंदिवस समजावत होत्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघून खरं-खोटं जोखत होते.

पुन्हा तपासायचं ठरलं, या वेळी रक्तातून. लेकीला घेऊन मी लॅबमध्ये गेले. वन्संनी सहकाऱ्याला सगळ्यांसमोर एन्झाइमबद्दल विचारलं. त्याने वही पुढे केली. तपासून बघणारं, महागडं, सावकाश चालणारंच एन्झाइम वापरलं होतं.

"आणि खात्रीबाई," तो म्हणाला, "नकलेतली चूक कुठेही पडू शकते. ती नेमकी तुमच्या भावाच्याच अक्षरावर कशी पडेल?"

"म्हणजे खरंच आहे," मी म्हटलं.

वन्संचा चेहरा उतरला होता. "तिची नळी यंत्रात जाण्याआधी कुणी उघडली होती?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच. नमुना पुरेल की नाही बघते म्हणालात. चष्म्यावर वाफ येते म्हणून मास्क खाली केला होतात."

लेकीचं रक्त घेऊन झाल्यावर वन्सं त्याच खुर्चीत बसल्या आणि बाही वर केली. "दोन्ही तू कर. दोन्ही तूच वाच. मी खोलीत येणार नाही." मला ते सगळं नाटकच वाटलं.

आठ दिवसांनी त्या घरी आल्या. चप्पलही न काढता म्हणाल्या, "पोरीत ते अक्षर नाही."

"खोटं बोलताय."

"मी वाचलेलंच नाही. त्याने वाचलं. दुसऱ्या लॅबलाही रक्त पाठवलं होतं, नुसता नंबर घालून. हे बघा दोन्ही कागद." मी दोन्ही कागद तीनतीनदा वाचले. लेक बाहेर आली, तिनेही वाचले, आणि मटकन खाली बसून रडायला लागली. मीही रडले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

मग माझ्यातली संशयी बाई जागी झाली. "मग नळीत ते अक्षर आलं कुठून?"

"माझ्या तोंडातून," वन्सं म्हणाल्या. "थुंकीचा एक कण पडला असणार. यंत्राने इमानाने नक्कल काढली, वहिनी. फक्त माझी."

मला समजायला वेळ लागला. आधी आनंद झाला होता, हे मी लपवत नाही. त्याचीच आता लाज वाटली. मी त्यांचा हात धरला. "वन्सं, तुमची तपासणी पुन्हा करून घेऊ. काहीतरी चुकलं असेल."

"तीनदा करून घेतली," त्या म्हणाल्या.