म्हातारा खाली बसत नाही

"'घरातला म्हातारा खुर्चीवर बसतच नाही, टेबलापाशी नुसता उभा राहतो. ही चूक कधी दुरुस्त करणार?'" बोरानं वाचून दाखवलं आणि वेरित्साच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वाल्येवो शहरातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी आयवार, म्हणजे हिवाळ्यासाठी मिरच्यांची चटणी करणं, चालला होता. भाजलेल्या लाल मिरच्यांनी पातेली भरली होती. वेरित्सा आणि तिच्या सासूबाई साली काढत होत्या, दोघींचे हात कोपरापर्यंत माखलेले. बोरा टेबलाच्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसला होता आणि मिरच्यांचे शिंतोडे उडू नयेत म्हणून त्यानं त्यावर अर्धा टॉवेल पांघरला होता.

"कोण आहे हा?" वेरित्सानं विचारलं.

"डेन्मार्कचा आहे कुणीतरी. आपला खेळ खेळणारा."

"त्याला विचार, तुझ्याकडे स्लावाचे पाहुणे जेवत असताना घरधनी पाय पसरून बसतो का?"

"त्यांच्याकडे स्लावाच नसते, वेरा."

"मग नसलेल्या गोष्टीत चुका कशाला काढतो?"

सासूबाई मिरचीवरून नजर न काढता म्हणाल्या, "पण मी म्हणते, म्हाताऱ्याला बसव की एकदाचा. गुडघे दुखत असतील त्याचे."

"आई, तुम्हीसुद्धा?"

"थट्टा केली गं. सूनबाईची थट्टाही करायची नाही का या घरात?"

पण वेरित्सा थट्टेच्या मूडमध्ये नव्हती. घराण्याच्या संताचा दिवस म्हणजे स्लावा. त्या दिवशी घरधनी खाली बसत नाही. पाहुण्यांच्या पेल्यात फळांची दारू, राकिया, ओततो, पाव पुढे सरकवतो, आणि शेवटचा पाहुणा जाईपर्यंत उभा राहतो. तिचे वडील, मिलिसाव, मरायच्या आदल्या वर्षी काठी टेकून उभे राहिले होते. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं असताना. आणि डेन्मार्कमधला एक माणूस त्याला चूक म्हणत होता.

वेरित्सा मुळात खेळबीळ करणारी बाई नव्हे. मुरंबे आणि सरबतं बनवणाऱ्या कारखान्यात बाटल्यांच्या सरकत्या पट्ट्यावर तिची अर्धी जवानी गेली. कारखाना बंद पडला तेव्हा साहेब मंडळी आपापली सोय लावून निघून गेली आणि बायकांच्या हातात एकेक पुष्पगुच्छ देण्यात आला. तो तिनं दारातल्याच कचऱ्याच्या डब्यात घातला. घरी आली तर नवरा, जो दिवसा लोकांचे कम्प्युटर दुरुस्त करायचा, उरल्या वेळात एक खेळ बनवत बसलेला. जुन्या पद्धतीचा. वरून दिसणारा डोंगर, ठिपक्याएवढी माणसं, त्यातला एक ठिपका म्हणजे आपण. हिंडायचं, लोकांशी बोलायचं, काय उत्तर द्यायचं ते निवडायचं, जमलं तर लढायचं, आणि चुकलो तर आपल्या कर्मानं. बोराला डोंगर छान काढता येत, तलवारीचे हिशेबही येत. पण त्याची माणसं तोंड उघडून बोलू लागली की पोलीस ठाण्यातली फिर्याद वाचल्यासारखं वाटे.

"असं कोण बोलतं?" तिनं त्याच्या खांद्यावरून वाचून विचारलं होतं.

"मग तू लिही."

तिनं लिहिलं. दळायला आलेल्या बायका, कर बुडवणारा पाटील, घटस्फोटाच्या धमक्या देत पंचवीस वर्षं नांदणारी लोहाराची बायको, सगळी तिनं लिहिली. त्या खेळाचं नाव 'राखेचा घाट'. तो दूरदूरच्या देशांत खेळला गेला, हे दोघांनाही बरेच दिवस खरं वाटत नव्हतं. लोक भरभरून लिहीत. इथे रस्ता दाखवणारे बाण नाहीत, कुणी बोट धरून नेत नाही, आम्हाला डोकं आहे असं धरून चाललेला हा खेळ आहे, असं लिहीत. आणि दुसरा भाग कधी, दुसरा भाग कधी, म्हणून वर्षानुवर्षं मागे लागत.

दुसऱ्या भागात वेरित्सानं आपल्या बापाचं घर घातलं.

त्याचं कारण साधं होतं आणि ते तिनं बोराशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. स्लावा बापाकडून मुलाकडे जाते. मिलिसावना मुलगा नव्हता, ही एकच मुलगी, आणि ती लग्न करून नवऱ्याच्या घरच्या संताची झाली. बाप गेला तेव्हा पोव्लेनच्या डोंगरातलं ते घर बंद झालं आणि मित्रोवदानची, म्हणजे संत दिमित्रीच्या दिवसाची, त्या घरातली मेणबत्तीही पुन्हा लागली नाही. म्हणून तिनं ती खेळात लावली. शेवटच्या घाटाखाली एक घर, त्यात एक म्हातारा. घाटातली वाट फक्त त्याला ठाऊक. वर्षातून एका दिवशी तो मेणबत्ती लावतो, दार सताड उघडं ठेवतो, गोड शिजवलेला गहू आणि चमचे मांडतो. जो आत येईल, चमचाभर गहू खाईल आणि बसेल, त्याला तो वाट सांगतो. मेणबत्ती जळून संपेपर्यंत कुणीच आलं नाही, तर दार लागतं आणि मग ते उघडत नाही.

खेळणाऱ्याला हे कळावं म्हणून वाटेवर सगळं पेरलेलं होतं. गिरणीवाला म्हणतो, म्हाताऱ्याचं पीठ आधी. मेंढपाळ म्हणतो, उद्या मित्रोवदान, मी दाढी करणार. आणखी काय सांगायला हवं?

बाहेर सोडण्याआधी खेळ तपासायला बोराचे सगळे मित्र बसले होते. सगळे वाल्येवोचेच. एकूणएक सरळ आत गेला, गहू खाल्ला, बसला, वाट घेऊन निघाला. एकानं तर लढाई सोडून दोनदा परत जाऊन राकिया प्यायली. कुणाच्या मनातही आलं नाही की एखादा माणूस बाहेर उभा राहील.

जगभरातली माणसं बाहेर उभी राहिली.

"'कुंपणाशी थांबलोय. आमंत्रण कुणाकडून मिळतं?'" बोरा वाचत होता. "'संपूर्ण गाव पालथं घातलं, आमंत्रण नाही. मेणबत्ती विझली. इतके तास खेळून खेळ अडकला. मोडका खेळ विकल्याबद्दल लाज वाटायला हवी.'"

"दार उघडं होतं!" वेरित्सानं मिरची पातेल्यात आपटली. "उघडं दार, लावलेली मेणबत्ती, मांडलेलं टेबल! आणखी काय, कडेवर घेऊन जायचं? स्लावाला कधी कुणी बोलावतं का? बोलावलं म्हणजे अपमान झाला, की तू मला येणाऱ्यांतला वाटत नाहीस!"

"हे आपल्याला माहीत आहे. त्यांना नाही."

"हेच ना ते, बोट धरू नका म्हणणारे? आता बोट नाही धरलं तर रडतात?"

बोरा काही बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा त्यानं काहीतरी करून ठेवलेलं असतं, हे इतक्या वर्षांत तिला कळायला हवं होतं.

कळलं ते दुसऱ्या दिवशी. दुपारी ती आपल्या कम्प्युटरवर लोहाराच्या बायकोचं एक वाक्य सुधारत होती. ते नीट बसलं का पाहायला तिनं खेळ चालू केला आणि घाटाकडे निघाली. म्हाताऱ्याच्या कुंपणाशी पोचली तोच एक घोडेस्वार आला. असा कुणी घोडेस्वार तिनं लिहिलेला नव्हता. तो खाली उतरला, वाकला आणि म्हणाला, "प्रवासी, घाटाखालच्या वृद्ध गृहस्थांनी आपणास सणाचे निमंत्रण दिले आहे. कृपया उपस्थित राहावे."

पोलीस ठाण्यातली फिर्याद. तिनं लगेच ओळखली.

"बोरा!"

तो गॅलरीतून आत आला. सासूबाईही आल्या, कारण ती हाक तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली असणार.

"हे काय आहे?"

"अजून बाहेर सोडलं नाही. तुला सांगणारच होतो."

"माझ्या बापाच्या दारातून निमंत्रण? घोड्यावरून? 'कृपया उपस्थित राहावे'? त्यानं आयुष्यात कुणाला कृपया म्हटलं होतं?"

"वेरा, लोक शिव्या देतायत. नवे लोक त्या शिव्या वाचतात आणि खेळ घेतच नाहीत. बाकीचा सगळा खेळ राहिला बाजूला, सगळीकडे तेवढा एक म्हातारा. आणि तो तुझा बाप नाहीये. खेळातला म्हातारा आहे."

"मग माझा बाप दुसरीकडे कुठे आहे ते दाखव," ती म्हणाली. "दाखव ना. कुठे लागते त्याची मेणबत्ती? आहे का जागा दुसरी?"

सासूबाईंनी उगाचच टेबलावरचं फडकं उचलून पुन्हा तिथंच ठेवलं.

पण वेरित्सा आता थांबणार नव्हती. तिनं पडद्यावरच्या कुंपणाशी उभ्या ठिपक्याकडे बोट दाखवलं आणि जगभरच्या सगळ्या कुंपणवाल्यांना एकदमच सुनवायला लागली. "अरे, उभा काय राहिलास खांबासारखा? म्हातारा माणूस सकाळपासून उभा आहे तुझ्यासाठी! मेणबत्ती निम्मी जळाली! हात धुतलेस की नाही? जा आत, आणि काही हातात घेऊन जा, रिकामा जाऊ नकोस, बेशरमा!"

आणि ती मध्येच गप्प झाली.

हा आवाज तिचा नव्हता. हा क्रुनियाचा होता. बापाच्या डोंगरातल्या घराची शेजारीण क्रुनिया, जिच्या तोंडाला अख्खं गाव भीत असे. एका वर्षी गावात सुबोतित्सेकडून एक नवी मास्तरीण आली होती, कॅथलिक, तिच्या माहेरी स्लावा नाही. मित्रोवदानला ती बिचारी नटूनथटून आपल्या फाटकात उभी, कुणी बोलावलं तर जावं म्हणून. कुणी बोलावणार नव्हतंच. शेवटी क्रुनियानं कुंपणावरून अस्सा तोंडाचा पट्टा सोडला की मास्तरीण जवळजवळ पळतच मिलिसावच्या घरात शिरली. पुढे बदली होईपर्यंत ती दर वर्षी येत राहिली.

क्रुनियानं तिला बोलावलं नव्हतं. फक्त झापलं होतं.

"घोडेस्वार काढ," वेरित्सा म्हणाली.

"वेरा—"

"काढ म्हणते ना. कुंपणाच्या अलीकडे मला एक बाई दे. डोक्याला काळा रुमाल, हातात फावडं. जो कुणी थोडा वेळ नुसताच उभा राहील त्याच्यावर ती ओरडेल. काय ओरडायचं ते मी लिहिते."

"लोकांना राग येईल."

"येऊ दे की! मला आलाय तो काय थोडा आहे?"

"आणि म्हातारा?" सासूबाईंनी विचारलं. "बसवायचा?"

वेरित्सानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"बरं बाई," सासूबाई म्हणाल्या, "उभाच राहू दे."

क्रुनिया खेळात गेली, आणि नव्या शिव्या सुरू झाल्या. ही बाई इतकी उद्धट का, हिला गप्प करण्याची सोय का नाही. एकानं तिला तलवारीनं मारण्याचा प्रयत्न केला आणि तिच्या फावड्यानं स्वतःच मेला. त्याबद्दल त्यानं लांबलचक तक्रार लिहिली. ती वेरित्सानं बोराकडून दोनदा वाचून घेतली आणि दोन्ही वेळा म्हणाली, "बरं झालं." पण आमंत्रण मागणारे कमी होत गेले. लोक शिव्या खात आत जात होते. इंटरनेटवरच्या खेळांच्या दुकानात आपल्या खेळाचं नाव सुधारलं की नाही हे बोरा रोज पाही. ती पाहत नसे.

मित्रोवदानच्या सकाळी ती स्वयंपाकघरात कॉफी उकळत असताना बोरानं लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "हे तूच वाच."

पोर्तुगालच्या कुणीतरी लिहिलं होतं. 'शेजारणीनं मला नको नको ते म्हटलं म्हणून आत गेलो. गहू खाल्ला. म्हाताऱ्यानं वाट सांगितली. मी त्याला बसा म्हणण्याचा पर्याय शोधत होतो, तो कुठेच नाही. तो उभाच होता. वाट मिळाली होती, तरी मी निघालो नाही. मेणबत्ती संपेपर्यंत बसून राहिलो. त्याचं काही बक्षीस मिळत नाही, हे बाकीच्यांना कळावं म्हणून लिहितो.'

"खुळा कुठला," वेरित्सा म्हणाली. "संपेपर्यंत बसून राहिला! पाहुण्यानं वेळेवर उठावं एवढंही शिकवलं नाही का कुणी याला? म्हातारा माणूस तिष्ठत उभा, आणि हा बसलाय!"

कॉफी उतू गेली. तिनं ती उतरवली नाही. लॅपटॉप जवळ ओढला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागली, आणि सासूबाई खुर्ची पुढे करत होत्या तरी ती उभ्यानंच वाचत राहिली.